जोडीदाराला सांगावे, पण पहारेकरी करू नये: एका समुपदेशन सेवेचे परीक्षण

दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या व्यक्तीने आपल्या जोडीदाराला त्याविषयी कसे सांगावे, एवढ्या एकाच कामासाठी आखलेली ऑनलाइन समुपदेशनाची एक सेवा मी आणि माझ्या जोडीदाराने अलीकडे घेतली. सेवेचे नाव येथे देत नाही. तिच्या काही उणिवा मला स्पष्टपणे लिहायच्या आहेत, शिवाय सेवेचे नाव आणि माझे निदान एकत्र आले की मला ओळखणे कोणालाही फारसे अवघड जाणार नाही. या धर्तीच्या सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत, आणि त्यांतली एखादी निवडताना काय पाहावे हे नावाशिवायही सांगता येते.

माझे निदान बायपोलर विकाराचे, म्हणजे मनःस्थितीचे चढते आणि उतरते टप्पे येणाऱ्या आजाराचे, त्यातही दुसऱ्या प्रकाराचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी लोक बायपोलर विकारासह जगत होते, म्हणजे आजार काही दुर्मीळ नाही. मात्र त्याचा दुसरा प्रकार जोडीदाराला समजावून सांगणे विशेष कठीण असते. पहिल्या प्रकारात पूर्ण उन्मादाचा टप्पा येतो, तो निदानाच्या निकषांनुसार किमान ७ दिवस टिकतो किंवा रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आणतो, आणि घरातल्या कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. दुसऱ्या प्रकारातला सौम्य उन्माद, ज्याला डॉक्टर हायपोमेनिया म्हणतात, किमान ४ दिवसांचा असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आजार वाटतच नाही. माणूस कमी झोपून ताजातवाना दिसतो, भरभर बोलतो, नवनवी कामे अंगावर घेतो, प्रेमही भरभरून करतो. नंतर येणारे नैराश्य मात्र खोल आणि लांबलचक असते, आणि ते पाहणाऱ्याला वाटते की हिचे आपल्यावरचे मन उडाले. त्यामुळे मला आजार आहे हे वाक्य उच्चारल्यावर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न आजाराविषयीचा उमटत नाही, नात्याविषयीचा उमटतो. या सेवेची खरी परीक्षा तिथेच होती.

आखणी थोडक्यात अशी आहे: आधी दोघांची स्वतंत्र प्राथमिक भेट, मग आजार असलेल्या व्यक्तीबरोबर तयारीची सत्रे, त्यानंतर दोघांचे एकत्र सत्र, पुढे दोघांनी मिळून करायचे एक लेखी करारपत्र आणि सगळ्यात शेवटी काही महिन्यांनी आढावा. सोबत भ्रमणध्वनीवरचे एक अ‍ॅप मिळते, त्यात मनःस्थितीची आणि झोपेची रोजची नोंद करायची असते. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी बायपोलर रुग्णांच्या कुटुंबांसाठी विकसित केलेल्या उपचारपद्धतीवर हा कार्यक्रम आधारलेला असल्याचे सेवा सांगते. मूळ पद्धत साधारण ९ महिन्यांत २१ सत्रांची असून तिचे तीन भाग आहेत: आजाराची माहिती, संवादाचा सराव आणि अडचणी सोडवण्याचा सराव. येथे मिळते ती त्यातली पहिल्या भागाची बरीचशी आणि दुसऱ्या भागाची थोडीशी मात्रा. जाहिरातीत हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले नाही, ते लिहायला हवे होते.

प्राथमिक भेटीला मी पूर्ण गुण देईन. समुपदेशकबाईंनी आजाराविषयी काही विचारण्याआधी मी खोलीत एकटी आहे का, कोणाला ऐकू जात आहे का, हे विचारले. मग त्यांनी विचारले, "तुम्हाला जोडीदाराची भीती वाटते का? तुमच्याविषयी त्याला काही कळले, तर भांडणात किंवा इतरांसमोर तो ते तुमच्याविरुद्ध वापरेल अशी शंका कधी आली आहे का?" माझ्या बाबतीत उत्तर नकारार्थी होते, पण प्रश्न आला याचेच मला समाधान वाटले. उत्तर होकारार्थी असेल तर एकत्र सत्र घेतले जात नाही, त्या व्यक्तीला वेगळ्या मदतीकडे पाठवले जाते, असे त्यांनी सांगितले. प्रत्येकाने प्रत्येक जोडीदाराला सर्व सांगावे असा सरसकट उपदेश करणाऱ्या सेवा मला धोकादायक वाटतात, कारण ज्या नात्यात एकाचा दुसऱ्यावर धाक आहे तिथे निदानाचे नाव हे आणखी एक शस्त्र ठरते. निवडीसाठी एकच निकष द्यायचा झाला तर मी हाच देईन: पहिली भेट दोघांना एकत्र बसवून घेणारी सेवा घेऊ नये. त्याचबरोबर सध्याची मनःस्थिती कशी आहे, औषधे सुरू आहेत का, हेही विचारले गेले. ऐन नैराश्यात किंवा चढत्या मनःस्थितीत असलेल्या व्यक्तीला आधी डॉक्टरांकडे जाण्यास सांगून कार्यक्रम पुढे ढकलला जातो. हेही योग्यच आहे, कारण त्या अवस्थेत माणूस एक तर स्वतःला अपराधी ठरवत बोलतो किंवा सगळे चुटकीसरशी उरकून टाकतो.

तयारीच्या सत्रांत जे सांगायचे त्याचा मसुदा लिहून घेतात. तो वाचून दाखवायचा नसतो. लिहिल्याने क्रम लागतो म्हणून लिहायचा. माझ्या मसुद्याच्या शेवटी एक वाक्य होते: "तुला हे नाते थांबवायचे असेल, तर मी समजू शकते." समुपदेशकबाईंनी सगळ्या मसुद्यातल्या याच वाक्यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की ऐकणाऱ्याला आजार म्हणजे काय हे अजून कळलेले नाही, आणि आपण त्याच्याकडून राहणार की जाणार याचे उत्तर मागत आहोत. तो घाईघाईने मी कुठेही जाणार नाही असे म्हणेल, आणि पुढे खऱ्या शंका विचारणे त्याला शब्द मोडल्यासारखे वाटेल. ते वाक्य काढल्यावर त्या जागी मी लिहिले: "आज तू काही ठरवू नकोस. प्रश्न विचार, आज सुचले नाहीत तर नंतर विचार." या दोन वाक्यांमधले अंतर मला एकटीने बसून सुचले असते असे वाटत नाही. कार्यक्रमाच्या शुल्काचे सार्थक झाले ते इथेच.

काय सांगायचे आणि काय नाही, याविषयी सेवेची भूमिका मला पटली. खाजगीपणा आणि लपवाछपवी यांत समुपदेशकबाई स्पष्ट फरक करतात. जोडीदाराच्या निर्णयांवर ज्याचा परिणाम होतो ते त्याला कळले पाहिजे, म्हणजे आजाराचे नाव, सुरू असलेले उपचार, आजार उलटण्याची शक्यता, मुलांचा विचार असेल तर त्यासंबंधीची माहिती, आणि चढत्या अवस्थेत पैसे उधळण्याची प्रवृत्ती असेल तर तीही. पूर्वीच्या प्रत्येक खचलेल्या दिवसाचा तपशील, उपचारांच्या खोलीत बोललेल्या गोष्टी, आधीच्या नात्यांमधले प्रसंग, हे सांगणे ऐच्छिक आहे. सांगण्याची योग्य वेळ कोणती, याचे ठोकळेबाज उत्तर त्या देत नाहीत, आणि तसे उत्तर नसतेच. मात्र एकत्र राहण्याचा, लग्नाचा किंवा मुलाचा निर्णय होण्याआधी, आणि भांडणाच्या मध्ये कधीच नाही, एवढ्या दोन मर्यादा त्यांनी आखून दिल्या.

एकत्र सत्रात आम्ही दोघे एकाच पडद्यासमोर बसलो होतो. मी बोलून थांबल्यावर समुपदेशकबाईंनी माझ्या जोडीदाराला तुम्हाला काय वाटते असे विचारले नाही. "तुम्हाला नेमके काय ऐकू आले ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" असे विचारले. तो म्हणाला, "तिचा मूड सारखा बदलतो, आणि त्यासाठी ती गोळ्या घेते." मी इतका वेळ जे सांगितले त्यातून एवढेच पोहोचले होते. त्या प्रश्नाशिवाय हे कळले नसते. मग त्यांनी दिवसभरात चारदा बदलणारा मूड आणि कित्येक दिवस किंवा आठवडे टिकणारा टप्पा यांतला फरक समजावला. झोप, बोलण्याची गती, ऊर्जा आणि निर्णयक्षमता हे सगळे एकत्र बदलते, नुसती भावना बदलत नाही, हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले, "मग मला तू आवडायला लागलीस, तेव्हा तू आजारी होतीस का?"

मला वाटते, बायपोलर असलेल्या कोणाच्याही जोडीदाराच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतो, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. समुपदेशकबाईंनी दिलासा देण्याची घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला त्या काळातल्या झोपेच्या नोंदी आहेत का असे विचारले. त्या होत्या, कारण माझे डॉक्टर मला आधीपासूनच तक्ता भरायला लावतात. त्यात सुरुवातीचा एक टप्पा चढा दिसत होता, झोप निम्म्यावर आलेली होती, पुढचा बहुतेक काळ सपाट होता. म्हणजे उत्तर असे निघाले की सुरुवातीच्या काही दिवसांतली माझी उधाणलेली तऱ्हा आजाराची होती, आणि त्यानंतर ज्या व्यक्तीबरोबर त्याने इतका काळ घालवला ती आजाराची नव्हती. हे ऐकायला गोड नव्हते. पण कागदावर दिसत असल्यामुळे त्याला ते खरे वाटले, आणि मलाही.

उणिवांची सुरुवात इथूनच होते. त्याचे पुढचे प्रश्न औषधांविषयी आणि मुलांविषयी होते, आणि समुपदेशक डॉक्टर नसल्यामुळे त्यांनी ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा असे म्हणून बाजूला ठेवले. त्यांच्या मर्यादेत ते बरोबरच होते. तथापि, जोडीदाराला सांगण्यासाठीच आखलेल्या सेवेत मानसोपचारतज्ज्ञाची निदान एक भेट असायला हवी, कारण हे प्रश्न हटकून येणार हे आधीपासून माहीत असते. अनुवंशिकतेचे उदाहरण घ्या. आई किंवा वडिलांपैकी एकाला बायपोलर असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरली जाते, तर सर्वसाधारण लोकांमध्ये ती १ ते २ टक्के असते. म्हणजे धोका नक्कीच वाढतो, तरीही बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही. आकडा माहीत नसला की जोडीदार एक तर तो शून्य धरतो किंवा शंभर.

गर्भधारणेचा प्रश्न तर याहून नाजूक. व्हॅल्प्रोएट हे बायपोलरमध्ये सर्रास वापरले जाणारे औषध गर्भाला मोठे अपाय करू शकते. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात गंभीर जन्मजात व्यंग आढळते, आणि बौद्धिक व वर्तनविषयक विकासाच्या अडचणी त्याहून जास्त मुलांत दिसतात. म्हणून ज्या स्त्रीला पुढे मूल हवे आहे तिच्यासाठी डॉक्टर शक्यतो ते टाळतात. दुसऱ्या बाजूला, धसका घेऊन गोळ्या एकाएकी बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे तर विशेष जोखमीचे असतात. म्हणजे हा निर्णय काही महिने आधीपासून, डॉक्टर आणि दोघे जोडीदार असे तिघांनी मिळून घ्यायचा असतो. सेवेच्या माहितीपुस्तिकेत यावर एक परिच्छेदही नाही, तर श्वसनाच्या व्यायामांना पानेच्या पाने दिली आहेत.

लिथियमविषयीही असेच. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियमचा उन्मादावरचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही ते या आजारातले एक प्रमुख औषध आहे. त्याची रक्तातली उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त देऊन पातळी तपासावी लागते, अधूनमधून मूत्रपिंड आणि थायरॉईडच्या चाचण्याही कराव्या लागतात. घरात राहणाऱ्या माणसाला यातले दोन तपशील माहीत असणे निकडीचे आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या लिथियमची पातळी वाढवू शकतात, त्यामुळे डोके दुखते म्हणून प्रेमाने पुढे केलेली गोळी आधी तपासून घ्यावी. आणि उलट्या, जुलाब, हातांची मोठी थरथर, अडखळती जीभ, तोल जाणे, असे काही दिसले तर झोपून बरे वाटेल म्हणून थांबू नये, तातडीने डॉक्टर गाठावा. जोडीदारासाठीच्या पुस्तिकेत भावनिक आधार या विषयावर पुष्कळ मजकूर आहे, हे दोन तपशील नाहीत.

शारीरिक जवळिकीचा विषय मात्र समुपदेशकबाईंनी आपणहून काढला. चढत्या टप्प्यात इच्छा वाढणे, नैराश्यात ती पूर्ण ओसरणे, नैराश्यावरच्या काही औषधांनी ती कमी होणे, या गोष्टी जोडीदाराने स्वतःला नाकारले गेल्याचे लक्षण समजू नयेत, आणि त्या डॉक्टरांना सांगितल्यास औषध किंवा मात्रा बदलता येते, एवढे त्यांनी न संकोचता सांगितले. विषय चटकन संपला, आणि तो तसाच संपायला हवा होता.

आता करारपत्राविषयी. दोघांनी मिळून भरायचा तो साधा कागद आहे. एका बाजूला आजार डोके वर काढू लागल्याच्या माझ्या ओळखीच्या खुणा, दुसऱ्या बाजूला तशी खूण दिसल्यास जोडीदाराने काय म्हणायचे आणि काय म्हणायचे नाही. माझ्या कागदावरची पहिली खूण झोपेची आहे: झोप कमी होते, तरी दिवसा थकवा येत नाही. त्यासमोर आम्ही ठरवून लिहिलेले वाक्य असे: "गेल्या काही रात्री तू उशिरापर्यंत जागी आहेस, डॉक्टरांना कळवायचे का?" म्हणायचे नाही या रकान्यात समुपदेशकबाईंनी आम्हाला सुचवण्याआधीच मी लिहिले: "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न कोणत्याही वेळी वाईट आहे असे नाही, पण भांडणात तो विचारला की माझा राग हा माझा राहत नाही, तो लक्षण होऊन जातो. जोडीदार खरोखर बेजबाबदार वागला असेल आणि मी चिडले असेन, तरी त्या एका प्रश्नाने त्याची सुटका होते. आम्ही लिहून ठेवले आहे की भांडण चालू असताना आजाराचा, गोळ्यांचा किंवा डॉक्टरांचा उल्लेख कोणीच करायचा नाही. मीही नाही, कारण मी नैराश्यात होते हे माझेही सोयीचे निमित्त होऊ शकते. दोन्ही बाजूंना बांधून घेणारी ही अट या कार्यक्रमातली सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे.

घरातल्या बोलण्याच्या सुरावर एवढा भर का, याचे कारण पुस्तिकेत नीट दिलेले आहे. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण सतत टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी असलेल्या घरी परतले, त्यांचा आजार पुढच्या काही महिन्यांत उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळले. बायपोलर विकारातही पुढे असाच संबंध दिसून आला. टीका आणि वैर यांचा त्रास सर्वांना कळतो, अतिकाळजीचा मात्र कळत नाही, कारण ती प्रेमाच्या वेषात येते. पुस्तिकेने ती या यादीत ठेवली हे तिचे श्रेय आहे, आणि म्हणूनच याच सेवेच्या अ‍ॅपने जे केले ते मला अधिक खटकले.

अ‍ॅपमध्ये रोज मनःस्थिती उणे पाच ते अधिक पाच या मापावर आणि झोपेचे तास नोंदवायचे असतात. जोडीदाराचे खाते जोडले की या नोंदी त्याला आपोआप दिसू लागतात, आणि ही सोय आधीपासूनच चालू ठेवलेली असते. तास ठरावीक मर्यादेखाली गेले की त्याला सूचना जाते, नोंद चुकली तरी जाते. परिणाम असा झाला की कामाच्या मुदतीपायी झालेल्या एका साध्या जागरणानंतर सकाळी मी तोंड धुण्याआधी त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती जोडीदाराची नव्हती, वॉर्डातल्या नर्सची होती. त्याचा त्यात दोष नव्हता. यंत्राने त्याच्या हातात पहारेकऱ्याचे काम दिले होते आणि तो ते मनापासून करत होता. माझ्या बाजूने लगेच दिसलेला परिणाम म्हणजे मी नोंदी गुळगुळीत करू लागले, पाच तासांचे साडेसहा लिहू लागले, आणि त्या तक्त्याचा डॉक्टरांना असलेला उपयोगच संपला. आम्ही ती जोडणी बंद केली. आता तक्ता माझा आणि डॉक्टरांचा आहे. जोडीदाराला जे त्याच्या डोळ्यांनी दिसते त्यावर तो बोलतो, आणि मी जे सांगेन ते त्याला कळते. आजार सांगणे म्हणजे देखरेखीची परवानगी देणे नव्हे, हे सेवेच्या समुपदेशकाला पक्के ठाऊक आहे आणि सेवेच्या अ‍ॅपला अजिबात नाही.

याच अ‍ॅपची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सत्राची आठवण करून देणाऱ्या संदेशात कार्यक्रमाचे पूर्ण नाव, आजाराच्या उल्लेखासह, बंद पडद्यावर झळकत असे. टेबलावर पालथा न ठेवलेला फोन शेजारी बसलेल्या कोणालाही ते वाचू देईल. तक्रार केल्यावर उत्तर नम्र आणि लवकर आले, माझ्या खात्यावरची सूचना बदलून मिळाली, पण नव्या ग्राहकांसाठी मूळ रचना तशीच ठेवली असल्याचे त्याच उत्तरातून कळले. जोडीदाराला विश्वासात घेऊन सांगण्याची कला शिकवणाऱ्या संस्थेने दारातून कोणालाही डोकावू द्यावे, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

आत्महत्येच्या विचारांचा विषय करारपत्राच्या शेवटच्या भागात येतो, आणि तो काळजीपूर्वक हाताळला आहे. माझ्या जोडीदाराला वाटत होते की विचारले तर नसलेला विचार मनात भरेल. समुपदेशकबाईंनी त्याला स्पष्ट सांगितले की थेट विचारल्याने असा विचार निर्माण होत नाही, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. त्यांनी त्याला तो प्रश्न मोठ्याने म्हणायला लावला: "जीव द्यावा असे मनात येते का?" आधी त्याच्या तोंडून तो बाहेर पडेना, मग पुटपुटल्यासारखा आला, मग नीट आला. त्यानंतर आम्ही सुरक्षिततेचा आराखडा भरला. ही पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली असून तिच्यात क्रम ठरलेला असतो: धोक्याच्या खुणा, एकटीने करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि ठिकाणे, मदत मागता येतील अशी माणसे, डॉक्टर व तातडीच्या सेवा, आणि घरातली साधने दूर करणे. माझ्या आराखड्यात शेवटच्या पायरीवर जास्तीच्या गोळ्यांचा साठा जोडीदाराच्या कपाटात ठेवायचा असे आहे. लक्षात घ्या, हाही एक प्रकारचा ताबाच आहे, पण तो मी स्वतः, बरी असताना, ठराविक परिस्थितीसाठी दिलेला आहे. अ‍ॅपच्या पहाऱ्यात आणि यात हाच फरक आहे.

सत्रे ५० मिनिटांची असतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे मोजत असते. मला तू आवडायला लागलीस तेव्हा तू आजारी होतीस का, हा प्रश्न जोडीदाराने विचारला तेव्हा घड्याळात फारसे काही उरले नव्हते. समुपदेशकबाईंनी वेळेपलीकडे जाऊन ते बोलणे पुरे केले, पण ती त्यांची भलाई होती, सेवेची तरतूद नव्हती. एकत्र सत्र तरी दुप्पट वेळेचे असावे. न वापरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळत नाहीत, हे नोंदणीच्या वेळी ठळकपणे सांगितलेले आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

सर्वांत मोठी उणीव माझ्या जोडीदाराच्या वतीने नोंदवते. प्राथमिक भेट सोडली तर त्याच्यासाठी एकही स्वतंत्र सत्र नाही. ज्याने आत्ताच इतके ऐकले त्याला भीती वाटणार, राग येणार, आधी का सांगितले नाहीस असे वाटणार, आणि हे सगळे तो माझ्यासमोर बोलणार नाही, कारण मला त्रास होईल असे आता त्याच्या मनात बसले आहे. माझ्या परवानगीशिवाय तो हे मित्रांशीही बोलू शकत नाही. त्याने कोणाशी बोलावे, हा प्रश्न सेवेने आम्हा दोघांवर सोडला. आम्ही त्याच्या एका जवळच्या मित्राचे नाव ठरवले, काय सांगायचे आणि काय नाही तेही ठरवले; हे करारपत्राच्या छापील नमुन्यात नसल्याने खाली हाताने लिहिले. नव्याने जाणाऱ्यांनी हा रकाना स्वतःच वाढवून घ्यावा, आणि शक्य असेल तर जोडीदारासाठी दुसऱ्या समुपदेशकाची वेगळी भेट आधीच ठरवून ठेवावी.

निदान पक्के झालेले आहे, प्रकृती सध्या स्थिर आहे, नात्यात धाक नाही आणि सांगायचे ठरले आहे पण कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, अशा व्यक्तीला मी ही सेवा घ्यायला सांगेन, मात्र नोंदणी होताच अ‍ॅपमध्ये जाऊन नोंदींची जोडणी आणि पडद्यावरच्या सूचना या दोन्ही बंद कराव्यात. औषधे आणि मुलांविषयीचे प्रश्न लिहून घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जोडीदारासह एक वेगळी भेट ठेवावी. आम्ही ती नंतर ठेवली, आणि माझ्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात पुस्तिकेपेक्षा जास्त सांगितले. आढाव्याचे सत्र अजून व्हायचे आहे. त्याआधी करारपत्रातल्या दोन ओळी बदलायच्या आहेत, एक माझ्या बाजूची आणि एक त्याच्या. त्याची कोणती, ते त्याने अजून सांगितलेले नाही.